शिक्षा झाल्यानंतर पुन्हा पुन्हा अर्ज : कुठे चालतो, कुठे अडतो

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षा लागली की घरच्यांच्या हातात एकामागून एक कागद येऊ लागतात. अपील, शिक्षा स्थगितीचा अर्ज, रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा आदेश कायद्याला धरून आहे का ते वरच्या कोर्टाने तपासणे), एसएलपी (सुप्रीम कोर्टात अपिलाची खास परवानगी मागणारी याचिका), फेरविचार, दयेचा अर्ज. यातले काही एकदाच करता येतात, काही परिस्थिती बदलल्यावर पुन्हा करता येतात, आणि गुन्ह्याच्या वेळी मूल अल्पवयीन होते हा दावा तर सगळे संपल्यावरही करता येतो. सगळ्यांना एकच नियम लावला की हक्काची संधी हातची जाते, नाहीतर चालणारच नाही अशा अर्जावर जमीन विकून पैसे ओतले जातात. दोन्ही टाळता यावे म्हणून ही उत्तरे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली नवे कलम आधी आणि जुने सोबत दिले आहे, कारण जुन्या निकालांत जुनेच क्रमांक सापडतील. कलमाचा आकडा चुकला एवढ्यावरून अर्ज पडत नाही. मुदत चुकली तर मात्र अडतो.

पहिली मुदत किती असते आणि ती कशी मोजायची?

सेशन कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ६० दिवस. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन कोर्टात ३० दिवस. सेशन कोर्टाने फाशी दिली असेल तर हायकोर्टातही ३० दिवसच. रिव्हिजनला ९० दिवस. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात एसएलपी करायला ९० दिवस, फाशीच्या प्रकरणात ६०.

निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. त्यासाठी नकलेच्या मागच्या शिक्क्यावरच्या तारखा पाहा: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, ताब्यात कधी घेतली. वजा होतात ते अर्ज केल्यापासून तयार होईपर्यंतचे दिवस. तयार नक्कल कोर्टात पडून राहिली तर ते दिवस तुमच्या खात्यात. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते (कलम ४०४, जुने ३६३).

मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला काय घडले, कागद कुणाकडे अडकला, हे क्रमाने लिहा. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात एसएलपीला चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. हायकोर्टाच्या निकालाची प्रत तुरुंग अधीक्षकांकडे पोचली होती, पण ती आपल्या हाती आलीच नाही असे बंद्याचे म्हणणे होते आणि दिल्याची पोच कुठेच नव्हती. प्रत फुकट द्या आणि तिची लेखी पोच घ्या, हा नियम त्या निकालातून पक्का झाला. आजही उशिराचे कारण तुरुंगात असेल तर त्या पोचपावतीची नोंद मागून घ्यावी.

तुरुंगातून अपील गेले आहे आणि आम्ही बाहेरून वकीलही लावला. दोन अपिले चालतील का?

सुनावणी एकाच अपिलाची होते. बंद्याला अधीक्षकामार्फत अपील पाठवता येते (कलम ४२४, जुने ३८३). घोटाळा होतो तो असा: तुरुंगातले अपील दोन ओळींचे असते, ते आधी बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) येते आणि थेट फेटाळले जाते, आणि वकिलाने तयार केलेले सविस्तर अपील तेव्हा रजिस्ट्रीत, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयात, त्रुटी दुरुस्त होण्याची वाट पाहत पडलेले असते. यासाठी कायद्यात खास सवलत आहे. तुरुंगातले अपील संक्षेपाने फेटाळले गेले आणि वकिलामार्फत रीतसर दाखल केलेले अपील विचारात घेतलेच गेले नव्हते असे दिसले, तर न्यायाच्या हितासाठी कोर्ट ते ऐकू शकते (कलम ४२५, जुने ३८४).

पण ही वेळ येऊ देऊ नका. वकीलपत्रावर सही घ्यायला तुरुंगात जाल तेव्हाच न्यायिक विभागात विचारा: अपील पाठवले का, जावक क्रमांक काय, तारीख कोणती. तो क्रमांक वकिलाला द्या, म्हणजे दोन्ही प्रकरणे एकत्र लावून घेता येतात.

हायकोर्टाने अपील फेटाळले. त्याच हायकोर्टात फेरविचार मागता येतो का?

नाही. दिवाणी दाव्यात रिव्ह्यू असतो म्हणून फौजदारीतही असेल, असे पुष्कळांना वाटते. सही झालेला फौजदारी निकाल कोर्टाला बदलता येत नाही. फक्त लेखनिकाची किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त होते (कलम ४०३, जुने ३६२). ‘अंगभूत अधिकार’ (न्यायासाठी हायकोर्टाला मुळातच असलेला अधिकार) म्हणून कलम ५२८ (जुने ४८२) खाली तोच मुद्दा पुन्हा नेण्याचा मार्गही सुप्रीम कोर्टाने सिमरिखिया (१९९०) आणि हरी सिंग मान (२००१) या निकालांत बंद केला आहे.

नोटीस पोचलीच नाही, दुसऱ्याच प्रकरणाचे कागद पाहून आदेश झाला, असे काही घडले असेल तर आदेश मागे घेण्याचा अर्ज हा वेगळा आणि फार अरुंद मार्ग आहे. ‘आमचा मुद्दा कोर्टाला पटला नाही’ हे त्यात बसत नाही. वकील हजर नव्हता एवढ्याच कारणाने मात्र फौजदारी अपील फेटाळता येत नाही. कोर्टाने रेकॉर्ड पाहून गुणवत्तेवरच निकाल द्यायचा असतो, हे बानी सिंग (१९९६) या निकालाने ठरले आहे. तसे झाले असेल तर एसएलपीत हा मुद्दा सर्वांत वर घ्या.

रिव्हिजन किती वेळा?

एकदा. सेशन कोर्ट किंवा हायकोर्ट, दोनपैकी एक निवडायचे. एकीकडे गेलेल्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही (कलम ४३८(३), जुने ३९७(३)). सेशन कोर्टात रिव्हिजन हरल्यावर ५२८ खाली हायकोर्टात जाणारे अनेक आहेत. कृष्णन विरुद्ध कृष्णवेणी (१९९७) मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फट अगदी बंद केली नाही, पण घोर अन्याय किंवा कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर दिसला तरच ती वापरायची असे सांगितले.

इथे एक गैरसमज होतो. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, सेशन कोर्टाने अपील फेटाळले, आता हायकोर्टात रिव्हिजन: ही तुमची पहिलीच रिव्हिजन आहे, बिनदिक्कत करा. आणि अपील करता येत असताना ते न करता थेट रिव्हिजन टाकली तर ती चालत नाही.

शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज फेटाळला. पुन्हा कधी करता येईल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो (कलम ४३०, जुने ३८९). दुसऱ्या, तिसऱ्या अर्जाला कायद्यात बंदी नाही. पण कल्याण चंद्र सरकार या खटल्यात (२००४ आणि २००५) सुप्रीम कोर्टाने जामिनाच्या अर्जांसाठी घातलेली अट इथेही लावली जाते: मधल्या काळात परिस्थितीत खरा, ठोस बदल झालेला असावा, आणि आधीच्या आदेशात दिलेली कारणे त्या बदलामुळे कशी लागू होत नाहीत हे दाखवावे.

ठोस बदल कशाला म्हणतात? सारख्याच भूमिकेच्या सहआरोपीला जामीन मिळाला. पहिल्या अर्जाच्या वेळी दोन वर्षे आत होती, आता सात झाली आणि अपील बोर्डावर येण्याची चिन्हे नाहीत. बंद्याला गंभीर आजार निघाला आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा तसा अहवाल आहे. सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल आला आणि तो नेमका या मुद्द्यावर आहे. उलट, वकील बदलला, ‘मागच्या वेळी नीट युक्तिवाद झाला नाही’, घरी लग्न आहे, हे बदल धरले जात नाहीत. घरच्या निकडीसाठी पॅरोलचा वेगळा अर्ज आहे, तो तिथे करावा.

ठरावीक मुदतीची शिक्षा असेल, म्हणजे तीन, पाच, सात वर्षे, तर भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य (१९९९) हा निकाल हाताशी ठेवा. अशा शिक्षेत स्थगिती उदारपणे द्यावी, आणि देता येत नसेल तर अपील लवकर ऐकावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून अर्जात दुसरी विनंती नेहमी लिहा: स्थगिती नाही तर अपिलाची सुनावणी लवकर घ्यावी. ही ओळ लिहिलीच जात नाही आणि शिक्षा भोगून झाल्यावर अपील ऐकायला येते. इतके मोठे नुकसान एका ओळीने टळू शकते.

आधीचे अर्ज सांगितलेच पाहिजेत का? ते वाचून कोर्टाचे मत बिघडणार नाही का?

सांगितलेच पाहिजेत. कुशा दुरुका विरुद्ध ओडिशा राज्य या खटल्यात (१९ जानेवारी २०२४) आधीची माहिती दडवल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने १०,००० रुपये खर्च बसवला, आणि जामिनाच्या अर्जात काय लिहायचे याच्या सूचनाही दिल्या. याआधीचे सर्व अर्ज आणि त्यांवरील आदेशांचा तपशील, त्या आदेशांच्या प्रती, आणि वरच्या कोर्टात काही प्रलंबित असेल तर ते, हे सगळे अर्जात हवे. हा अर्ज पहिला, दुसरा की तिसरा, हेही शीर्षकाजवळच लिहा.

एक साधा तक्ता अर्जाला लावा: कोर्ट व खंडपीठ, अर्ज क्रमांक, तारीख, निकाल, आणि त्या वेळी कोणता मुद्दा मांडला होता. खंडपीठाचा रकाना आवश्यक आहे, कारण एकाच हायकोर्टाची मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा अशी ठिकाणे आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही सुरू झाले आहे. दुसरा अर्ज शक्यतो आधीच्याच न्यायमूर्तींपुढे जावा असा संकेत आहे. वेगळे बेंच मिळावे म्हणून जुना अर्ज लपवला आणि सरकारी वकिलाने तो उभा राहून दाखवला, तर अर्ज तर जातोच, पुढच्या खऱ्या अर्जावरचा विश्वासही जातो.

वकिलांनी अर्ज ‘मागे घेतला’. आता पुन्हा करता येईल ना?

आदेशात काय लिहिले आहे त्यावर अवलंबून आहे. कोर्टाचा कल विरुद्ध दिसला की वकील अर्ज मागे घेतात, यात गैर काही नाही. पण आदेशात पुन्हा अर्ज करण्याची मुभा दिल्याचे शब्द हवेत. एसएलपी तशी मुभा न घेता मागे घेतली तर त्याच आदेशाविरुद्ध दुसरी एसएलपी चालत नाही (उपाध्याय अँड कंपनी, १९९९). संध्याकाळी आदेश वेबसाइटवर येतो. त्याच दिवशी वाचा. मुभा मागितली होती आणि उमटली नाही, तर लगेच त्याच बेंचपुढे ‘मेन्शन’ (तोंडी उल्लेख) करून दुरुस्ती मागता येते. सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही.

दोन-तीन खटल्यांतल्या शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश नंतर मिळतो का?

ही मागणी (कलम ४६७, जुने ४२७) ट्रायल कोर्टात किंवा अपिलातच करायला हवी. सगळे अंतिम झाल्यावर अंगभूत अधिकाराखाली ती मागता येत नाही, असे एम. आर. कुडवा (२००७) मध्ये ठरले. अपवाद घडतात: वीजचोरीच्या नऊ प्रकरणांत प्रत्येकी दोन वर्षे, म्हणजे एकूण १८ वर्षे झालेल्या इकराम याला डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिलासा दिला. पण तिथपर्यंत जायला लागू नये म्हणून अपिलाच्या मसुद्यातच हा मुद्दा घाला. शिक्षा होण्यापूर्वी त्या खटल्यात तुरुंगात काढलेले दिवस वजा करणे (कलम ४६८, जुने ४२८) ही वेगळी गोष्ट आहे. ते वॉरंटवर उतरले आहेत का, ते तुरुंगातून तपासून घ्या.

सुप्रीम कोर्टातही हरलो. फेरविचार याचिका किती वेळा?

एकदाच. निकालापासून ३० दिवसांत, आणि फौजदारी प्रकरणात फक्त रेकॉर्डवर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी. ही पहिलीच फेरविचार याचिका आहे असा वकिलाचा दाखला सोबत लागतो. न्यायमूर्ती ती आपसांत फिरवून, युक्तिवाद न ऐकता ठरवतात. फाशीच्या प्रकरणात मात्र तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात ऐकावी लागते, हे मोहम्मद आरिफ (२ सप्टेंबर २०१४) या निकालामुळे.

फेरविचार म्हणजे निव्वळ उपचार, असे म्हणणाऱ्यांनी अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला पाहावा. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. २०१८ मध्ये फेरविचारात तो निकाल मागे घेतला गेला, अपिले नव्याने ऐकली गेली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. फेरविचाराचे ३० दिवस ‘आता काय उपयोग’ म्हणून वाया घालवू नयेत, ते यासाठी.

क्युरेटिव्ह याचिका म्हणजे दुसरा फेरविचार का?

नाही. रूपा अशोक हुर्रा (१० एप्रिल २००२) या निकालातून आलेला हा उपाय आहे. आपले म्हणणे ऐकूनच घेतले गेले नाही, किंवा न्यायमूर्तींचा हितसंबंध उघड झालेला नव्हता, अशा स्वरूपाचा अन्याय दाखवावा लागतो. हेच मुद्दे फेरविचारात घेतले होते असे नमूद करावे लागते, म्हणून फेरविचाराचा मसुदा उरकून टाकला की क्युरेटिव्हची वाटही तिथेच बंद होते. सीनियर ॲडव्होकेटचा दाखला लागतो. याचिका तीन ज्येष्ठतम न्यायमूर्ती आणि मूळ निकाल देणारे न्यायमूर्ती उपलब्ध असल्यास त्यांच्याकडे फिरते, आणि बहुमताला गरज वाटली तरच सुनावणी होते. निष्कारण केलेल्या याचिकेवर जबर खर्च बसू शकतो. यश दुर्मीळ आहे, पण मिळते: देविंदर पाल सिंग भुल्लर यांची फाशी ३१ मार्च २०१४ रोजी क्युरेटिव्हमध्येच जन्मठेपेत बदलली.

राज्यघटनेच्या कलम ३२ खाली रिट (मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात याचिका) करून अंतिम निकाल उलटवता येतो का?

सर्वसाधारणपणे नाही. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६६) पासून न्यायालयीन आदेशाविरुद्ध असे रिट चालत नाही. अपवाद फार थोडे. वसंत संपत दुपारे विरुद्ध भारत सरकार या नागपूरच्या प्रकरणात २५ ऑगस्ट २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने फाशीच्या शिक्षेचा भाग पुन्हा तपासण्यासाठी कलम ३२ चा मार्ग मान्य केला, कारण आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती वगैरे तपासण्याची मनोज (२०२२) या निकालात घालून दिलेली पद्धत पाळली गेली नव्हती. दोषसिद्धी तशीच राहिली. इतर शिक्षांसाठी हा निकाल दाखवून कुणी फी मागत असेल, तर सावध राहा.

गुन्ह्याच्या वेळी मुलगा १८ वर्षांचा नव्हता. हा मुद्दा आधी मांडलाच नाही. आता उशीर झाला का?

नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९(२) नुसार हा दावा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, खटला अंतिम झाल्यावरही करता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेल्या एका बंद्याचा फेरविचार २००० मध्येच फेटाळला गेला होता. २०१८ मध्ये त्याने वयाचा अर्ज केला, जिल्हा न्यायाधीशांमार्फत चौकशी झाली, राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून तो घटनेच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता असे ठरले, आणि २७ मार्च २०२३ रोजी सुटकेचा आदेश झाला. तोवर आयुष्याची २८ वर्षे आत गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की वयाची रीतसर चौकशीच झाली नसेल, तर आधीचे नकार या दाव्याच्या आड येत नाहीत.

कागदांचा क्रम कायद्यातच आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका. पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत आणि मुख्याध्यापकांचे पत्र मिळवा, कारण सरकारी पक्षाचा पहिला प्रश्न ‘ही तारीख कुणी सांगितली, कधी लिहिली’ हाच असतो.

दयेचा अर्ज दुसऱ्यांदा करता येतो का?

फाशीच्या प्रकरणात आता मुदती आहेत (कलम ४७२). अपील, फेरविचार किंवा एसएलपी फेटाळल्याचे अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, आधी राज्यपालांकडे. त्यांनी नाकारल्यावर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. एकाच खटल्यातल्या सर्वांचे अर्ज एकत्र ठरवले जातात.

एक नकार मिळाल्याने राष्ट्रपतींचा अधिकार संपत नाही, हे कृष्टा गौड (१९७६) पासून मान्य आहे. पण दुसऱ्या अर्जामुळे फाशी आपोआप थांबत नाही. शत्रुघ्न चौहान (२१ जानेवारी २०१४) या निकालाने नकार कळवणे आणि अंमलबजावणी यांत १४ दिवसांचे अंतर ठेवायला सांगितले. याकूब मेमनच्या प्रकरणात पहिला दयेचा अर्ज एप्रिल २०१४ मध्ये फेटाळला गेला, फेरविचार ९ एप्रिल २०१५ ला, क्युरेटिव्ह २१ जुलैला, आणि दुसरा दयेचा अर्ज २९ जुलैच्या रात्री. नवे १४ दिवस द्या ही विनंती पहाटेच्या सुनावणीत सुप्रीम कोर्टाने मान्य केली नाही आणि ३० जुलैला नागपूरला फाशी झाली.

जन्मठेपेत मुदतपूर्व सुटका नाकारली. पुन्हा मागता येते?

येते. नकाराचा आदेश कारणांसह लेखी मागा, कारण हायकोर्टात रिट करायचे तर आव्हान त्या कारणांना द्यायचे असते. महाराष्ट्रात भांडण बहुतेक वेळा ‘कोणत्या वर्गवारीत बसवले’ याचे असते: १९९२ च्या की २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत, आणि त्यातही कोणत्या गटात. शिक्षेच्या तारखेला लागू असलेले धोरण लावायचे, नंतरचे जास्त उदार असेल तर त्याचा फायदा द्यायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असेही सांगितले की धोरण असलेल्या राज्याने बंद्याचा अर्ज नसला तरी पात्र बंद्याचा विचार करायचा आहे.

अर्ज कोणत्या राज्याकडे, हेही तपासा. खटला ज्या राज्यात चालून शिक्षा झाली, ते राज्य निर्णय घेते. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमधला, पण शिक्षा मुंबईत झाली होती. म्हणून ८ जानेवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने गुजरातने दिलेली माफी रद्द केली.

नवा पुरावा सापडला तर? अमेरिकेत तर केस पुन्हा उघडतात.

अपील प्रलंबित असेल तर अपील कोर्ट जादा पुरावा घेऊ शकते (कलम ४३२, जुने ३९१). सगळे अंतिम झाल्यावर नव्या पुराव्यासाठी खटला उघडण्याचे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही, आणि ही मोठी उणीव आहे. उरते ते राज्यघटनेच्या कलम ७२ व १६१ खालचे राष्ट्रपती व राज्यपालांचे दयेचे अधिकार आणि वर सांगितलेले अपवाद. अमेरिकेतही वाट मोकळी नाही: १९९६ च्या कायद्यानंतर फेडरल हेबियस अर्जाला (कैद बेकायदा आहे म्हणून केंद्रीय कोर्टात केलेल्या अर्जाला) साधारण एक वर्षाची मुदत आहे, आणि दुसऱ्या अर्जासाठी आधी अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांची परवानगी लागते. आधी मांडलेला मुद्दा पुन्हा मांडला तर तो फेटाळलाच जातो. तिथले नमुने उतरवून इथे अर्ज करू नका.

पैसे संपले. आता पुढचा अर्ज कोण करणार?

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२). तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर मागणी करा. सुप्रीम कोर्टासाठी तिथली स्वतंत्र समिती आहे. जुन्या वकिलाकडून फाइल घेताना ट्रायल कोर्टाचा निकाल, साक्षींच्या प्रती, अपिलाचा मेमो, प्रत्येक अर्जाचा आदेश आणि नकलेच्या शिक्क्याचे पान, एवढे तरी मोजून घ्या. काही हरवले असेल तर नव्या वकिलाकडे जाण्याआधी नकलेचा अर्ज टाका, कारण मुदत तोवर चालूच असते.